नामाचा आसरा की नामाचा पडदा?



देहू आणि आळंदी ही आपली दोन माहेरं. या दोन माहेरांच्या मधोमध आज तळवडे, चिखली, भोसरी आणि इंद्रायणीपलीकडे चाकण असा कारखान्यांचा मोठा पट्टा पसरलेला आहे. आषाढात तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते, तेव्हा रस्त्याच्या कडेला हात जोडून उभे राहणाऱ्यांत रात्रपाळी संपवून आलेले कितीतरी कामगार असतात. त्यांतले पुष्कळ जण मराठवाड्यातून पोटासाठी इकडे आलेले. गळ्यात माळ, खिशात गेटपास, अशी ही मंडळी आपल्या संप्रदायाचीच आहेत.

या पट्ट्याने गेल्या काही वर्षांत मोठे आघात पाहिले. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात, वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या एका कारखान्याला आग लागली. तिथे काम करणाऱ्यांत बहुतेक बायका होत्या. त्या दिवशी सहा जणांचा जीव गेला आणि पुढच्या दिवसांत भाजलेल्यांपैकी आणखी काही जण दगावले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांसकट कोसळला. चार जण गेले, अनेक जखमी झाले. त्यानंतर तिसऱ्याच दिवशी देहूतून तुकोबांच्या पालखीचे प्रस्थान होते. आणि १९ नोव्हेंबर २०१९ चा दिवे घाट आपल्यापैकी कोण विसरेल? पंढरपुराहून आळंदीला निघालेल्या नामदेव महाराजांच्या दिंडीत जेसीबी घुसला आणि नामदेवरायांचे वंशज सोपानमहाराज नामदास यांच्यासह वारकऱ्यांचा मृत्यू झाला.

जे गेले त्यांच्यासाठी आपण भजन केले, दोन मिनिटे उभे राहिलो. जे वाचले त्यांचे काय झाले, हे मात्र आपण फारसे विचारत नाही. ज्याच्या शेजारी काम करणारी बाई डोळ्यांदेखत जळाली, ज्याच्या हातातून सोबत्याचा हात सुटला, तो माणूस आज कुठेतरी आपल्यासोबत हरिपाठाला बसतो. त्याच्या मनात काय चालते? आपण त्याला काय सांगतो? बहुतेक वेळा एकच सांगतो, ‘झालं गेलं विसर, नाम घे.’ हा सल्ला प्रेमापोटीच दिलेला असतो. तरी तो जसाच्या तसा बरोबर आहे का, हे आज तुमच्यासोबत तपासून पाहायचे आहे. मोठा आघात सोसलेल्या माणसाने तो विसरण्यासाठी नाम घ्यावे, की तो आठवताना नाम घ्यावे?

आधी ही जखम कशी असते ते पाहू. समजा, तुमच्या दिंडीत चाकणच्या प्रेसशॉपमध्ये काम करणारा एक तरुण आहे. पॉवर प्रेसमध्ये पत्रा सरकवताना प्रेस अचानक पुन्हा खाली आली आणि उजव्या हाताची दोन बोटे गेली. हाताची जखम भरली, टाके निघाले. पण रात्री झोपेत तो ओरडून उठतो. घरात भांडे पडले तरी दचकतो. भजनात पखवाजावर अचानक जोराची थाप पडली की त्याला घाम फुटतो. कारखान्याच्या रस्त्याने जायचे टाळतो, त्या पाळीतल्या मित्रांना भेटायचे टाळतो. पोराला जवळ घेत नाही, बायकोवर विनाकारण चिडतो. विचारले तर म्हणतो, ‘काही नाही, बरा आहे.’

वैद्यकशास्त्रात याला आघातोत्तर ताणविकार म्हणतात. पीटीएसडी या आद्याक्षरांनीही तो ओळखला जातो. १९८० साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत ग्रंथात हे नाव दाखल झाले. त्याची खूण अशी की घडून गेलेली गोष्ट आठवणीसारखी न येता आत्ताच घडते आहे अशी येते. माणूस तिची आठवण करून देणारे सगळे टाळू लागतो, मन सुन्न किंवा दोषी होते आणि शरीर सतत पहाऱ्यावर असल्यासारखे ताठ राहते. पहिले काही दिवस असे होणे स्वाभाविक आहे. बहुतेक माणसे आपल्या माणसांच्या आधाराने हळूहळू सावरतात. महिना उलटून गेल्यावरही हे चालूच राहिले आणि घर, काम, झोप सगळे बिघडले, तर मात्र तो विकार समजावा. यात श्रद्धा कमी पडली असे काही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपातून वाचलेल्यांची मानसोपचारतज्ज्ञांनी तपासणी केली, तेव्हा हा ताणविकार आणि नैराश्य हेच त्यांच्यात ठळकपणे दिसले. ती माणसे काय देवाधर्माची नव्हती? ती तर आपल्याच वारीतली होती.

आता आघाताला तोंड देण्याच्या रीती पाहा. रिचर्ड लॅझारस आणि सुझन फोकमन या अभ्यासकांनी १९८४ साली यावर एक ग्रंथ लिहिला. त्यांनी दोन मुख्य रीती सांगितल्या. पहिली, जे बदलता येईल ते बदलायला हात घालणे. उपचार घेणे, भरपाईचा अर्ज करणे, मशीनला गार्ड बसवायला लावणे हे सारे त्यात आले. दुसरी, जे बदलता येत नाही त्याच्याशी मनाचा मेळ घालणे, म्हणजे रडणे, बोलणे, त्या दुःखाला काही अर्थ शोधणे. पुढच्या अभ्यासकांनी आणखी एक रीत वेगळी काढून दाखवली, ती म्हणजे टाळणे. विषय काढायचा नाही, तिकडे फिरकायचे नाही, आठवण आली की दाबायची. कोणी ती दारूने दाबतो, कोणी डबल ड्युटी करून दाबतो.

अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट अशी की टाळण्याच्या रीतीवरच जगणाऱ्यांत हा ताणविकार जास्त आणि जास्त काळ आढळतो. याचे कारण समजण्यासारखे आहे. औषध घेताना माकड आठवू नको असे सांगितले की नेमके माकडच आठवते, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकली आहे. दाबलेली आठवण तशीच उसळून येते. शिवाय ज्या रस्त्याची भीती बसली तो रस्ता माणसाने कायमचा सोडला, तर तो रस्ता आता निर्धोक आहे हे त्याच्या शरीराला कधी कळतच नाही. टाळले की घटकाभर बरे वाटते, म्हणून तो पुन्हा टाळतो आणि भीती जिथल्या तिथे राहते. इथे एक सावधगिरी हवी. टाळणे हे या विकाराचे लक्षणही आहे. म्हणजे माणूस टाळतो म्हणून भीती टिकते, तसेच भीती फार मोठी आहे म्हणूनही तो टाळतो. तेव्हा ‘तूच टाळतोस, म्हणून बरा होत नाहीस’ असा दोष त्याला देण्यात अर्थ नाही. तसेच पहिल्या काही दिवसांत मनाने जरा तोंड फिरवणे ही शरीराची गरजही असते. ते वर्षानुवर्षे चालू राहिले की त्याची कैद होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नाम यातल्या कोणत्या रीतीत बसते? माझे म्हणणे असे की नाम तिन्ही रीतींत बसू शकते आणि म्हणूनच आपण जपून राहायला हवे.

दोन बायकांची कल्पना करा. दोघींचे कोणी ना कोणी आगीत गेलेले. पहिलीला लेकीची आठवण आली की ती घाईघाईने माळ हातात घेते आणि ती आठवण जाईपर्यंत मोठ्याने नाम घेत राहते. लेकीचा फोटो पेटीत, तिचे नाव घरात कोणी काढायचे नाही. दुसरीही माळ घेते. पण ती विठ्ठलाला सांगते, बघ, आज तिचा वाढदिवस, आज तिला पुरणपोळी आवडली असती. बोलते, रडते, पुन्हा नाम घेते. बाहेरून दोघी सारख्याच दिसतात. दोघींच्या ओठांवर तेच नाम आहे. पहिलीने नामाचा पडदा केला आहे, दुसरीने आसरा केला आहे. पडद्यामागची गोष्ट तशीच उभी राहते. आसऱ्याला आपण आपले दुःख बरोबर घेऊन जातो.

पहिलीला कोणी हसू नये. तिला तेवढेच शक्य आहे आणि त्या नामानेच कदाचित तिला आजपर्यंत जिवंत ठेवले आहे. पण तिथेच थांबू नये, एवढेच सांगायचे आहे. आपले नाम कोणते आहे हे ओळखायची साधी परीक्षा आहे. नाम घेऊन उठल्यावर मी त्या दुःखाच्या थोडा जवळ जाऊ शकतो का? गेलेल्याचे नाव उच्चारू शकतो का? आपल्या माणसाजवळ चार शब्द बोलू शकतो का? याचे उत्तर हळूहळू ‘हो’ होत असेल, तर नाम आसऱ्याचे आहे.

धर्म आणि संकट यांचा अभ्यास करणाऱ्या केनेथ पार्गमेंट यांनीही असाच भेद केला. देव सोबत आहे, सत्संगी मंडळी सोबत आहेत, या भावाने संकटाकडे पाहणे ही एक रीत. देवाने मला शिक्षा केली, देवाने मला टाकले, असे मनात धरून कुढणे ही दुसरी. २००५ साली अशा ४९ अभ्यासांचा एकत्र विचार झाला. पहिल्या रीतीच्या माणसांची मने एकंदरीत बरी सावरलेली दिसली, तर दुसरीच्या माणसांत ताण, चिंता आणि नैराश्य अधिक दिसले. श्रद्धा आहे की नाही एवढ्याने भागत नाही, श्रद्धेने आपण संकटाचा काय अर्थ लावतो यालाही महत्त्व आहे.

आपल्या संतांनी काय केले ते पाहिले की ही गोष्ट परकी वाटत नाही. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. तुकोबांची पहिली पत्नी गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला, लोकांत लाज गेली. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर गेले, एकांत केला. पण ते पळून गेले नाहीत. परंपरा सांगते की त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली आणि पडके झालेले विठ्ठलाचे देऊळ पुन्हा उभे केले. जे करता येण्यासारखे होते ते केले. आणि जे बदलणार नव्हते ते अभंगांत उघड सांगितले. घरातल्या उपासमारीची, मरणाची, अपमानाची गोष्ट त्यांनी झाकून ठेवली नाही. लोकांसमोर सांगितली आणि विठ्ठलालाही सांगितली. रागावले तेव्हा त्याच्याशी भांडले. जनाबाई भांडल्या, नामदेवराय भांडले. ज्याच्याशी आपण भांडतो त्याच्याशी आपले नाते तुटलेले नसते. ‘देवाने मला टाकले’ म्हणून गप्प बसणे आणि ‘तू मला का टाकलेस’ म्हणून त्याच्याच दारात उभे राहणे, यांत मोठा फरक आहे.

दुसरे उदाहरण चोखोबांचे. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू होते. भिंत कोसळली आणि कामावरचे मजूर तिच्याखाली गाडले गेले, त्यांत चोखोबा होते. १३३८ सालची ही गोष्ट सांगतात. आजच्या भाषेत तो कामावरचा अपघातच होता आणि राबणारे हात त्यात गेले. नामदेवरायांना हे कळले तेव्हा त्यांनी काय केले? त्यांचे प्रारब्ध होते असे म्हणून ते पंढरपुरात बसून राहिले नाहीत. मंगळवेढ्याला गेले, त्या ढिगाऱ्यापाशी उभे राहिले आणि ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या म्हणून ओळखून आणल्या, अशी कथा आहे. ज्याला जिवंतपणी देवळात पाऊल टाकू दिले नाही, त्याची समाधी महाद्वारासमोर झाली. नामदेवरायांना नाम ऐकू आले ते ढिगाऱ्याजवळ गेल्यामुळे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

इथे तुम्ही विचाराल, मग प्रारब्ध, भोग, कर्म हे सारे खोटे का? नाही. पण ही वचने स्वतःकडे पाहण्यासाठी आहेत. माझ्यावर संकट आले तेव्हा मी म्हणेन की हा माझा भोग, आणि तसे म्हणून मला बळ येत असेल तर ते माझे साधन आहे. तेच वाक्य दुसऱ्याच्या दारात जाऊन म्हटले की त्याचा निकाल होतो. बोटे गेलेल्या पोराला ‘तुझे भोग’ असे सांगितले की त्याच्या कानाला ऐकू येते, ‘देवाने तुला शिक्षा केली’. म्हणजे ज्या विचाराने माणूस अधिक खचतो तोच विचार आपण प्रेमाने त्याच्या हातात ठेवतो. आणि आणखी एक होते. मशीनला गार्ड का नव्हता, ज्वालाग्राही माल माणसांच्या शेजारी का ठेवला होता, धोकादायक पुलावर माणसे का जाऊ शकली, हे प्रश्न विचारायची गरज उरत नाही. माणसाच्या निष्काळजीपणाचा भार आपण विठ्ठलाच्या नावावर टाकतो. ही भक्ती नव्हे.

शरणागती आणि प्रयत्न यांत वैर नाही. कामावर अपघात होऊन कायमचे अपंगत्व आले तर ईएसआय योजनेत दरमहा लाभ मिळण्याची तरतूद आहे. योजनेत नोंद असेल तर कंत्राटी कामगारही त्याला पात्र असतो. तो अर्ज भरायला त्याच्यासोबत जाणे ही सेवाच आहे. अर्ज भरल्याने त्याला पैसा मिळतो, शिवाय ‘माझ्या हातात काहीच नाही’ ही जी भावना आघात मागे ठेवतो, तीही थोडी ओसरते.

कोणी म्हणेल, एवढे दुःख उगाळत बसायचे कशाला? मनाला आवर घालणे हेच तर आपले साधन. हा आक्षेप खरा आहे. उगाळत बसणे वाईटच. ‘माझ्याच वाट्याला का’ हे एकट्याने रात्रभर घोळवल्याने कोणी बरे होत नाही. पण उगाळणे वेगळे आणि सांगणे वेगळे. उगाळताना माणूस एकटा असतो आणि तेच तेच फिरत राहते. सांगताना ऐकणारा समोर असतो, गोष्टीला सुरुवात आणि शेवट मिळतो आणि शेवटी सांगणाऱ्याच्या ध्यानात येते की ते त्या दिवशी घडले होते, आज मी इथे आहे. गीतेत अर्जुनाचे अंग थरथरते, तोंड कोरडे पडते, धनुष्य गळून पडते. भगवंत त्याला एकदा टोकतात, तरी अर्जुन मोकळा होत नाही. तो पुन्हा आपले दुःख सांगतो आणि शरण येतो, तेव्हा खरा उपदेश सुरू होतो. आपण मात्र ऐकण्याआधीच उपदेश करतो.

मग आपण काय करावे? घटना घडली की लगेच खोदून खोदून विचारू नये. पहिल्याच बैठकीत सगळे सांगायला लावण्याने फायदा होत नाही, काहींना तर त्रासच होतो. आधी जेवण, झोप, घरातल्या पोराबाळांची सोय पाहावी. तेराव्यानंतर माणसे पांगतात, खरी गरज तेव्हा सुरू होते. महिन्याने, तीन महिन्यांनी, वर्षश्राद्धाला त्याच्याकडे जावे. गेलेल्या माणसाचे नाव आपण घ्यावे, म्हणजे त्यालाही घेता येते. तो बोलला तर ऐकावे, गप्प राहिला तर शेजारी बसावे. पखवाजाच्या थापेने कोणी दचकत असेल तर त्याला थोडे मागे बसवावे आणि हळूहळू पुढे येऊ द्यावे. कीर्तनकार महाराजांनीही कोणाच्या अपघाती मरणाचा दृष्टांत देताना समोर त्या घरचे कोणी बसले असेल याचे भान ठेवावे.

आणि महिना उलटूनही झोप येत नसेल, दारू वाढली असेल, जगण्याची इच्छा उरली नसेल, तर डॉक्टरकडे न्यावे. बोट तुटले तर आपण नाम घेत घेतच दवाखान्यात जातो ना? मनाचेही तसेच आहे. टाळलेल्या गोष्टीला जाणत्याच्या सोबतीने, थोडे थोडे करून सामोरे जायला शिकवणारे उपचार आहेत आणि त्यांनी पुष्कळांना गुण येतो. सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६. दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक दिंडीच्या वहीत, फडाच्या फलकावर लिहून ठेवा.

शेवटी एकच सांगतो. माउलींची पालखी दर आषाढात दिवे घाट चढते. २०१९ च्या कार्तिकवारीत ज्या घाटात आपली माणसे गेली, तोच हा घाट. त्यानंतर तो रस्ता आपण सोडून दिला नाही. काहींचे पाय तिथे जड झाले असतील, काहींच्या डोळ्यांत पाणी आले असेल, पण मागे-पुढे माणसे होती, टाळ चालू होते आणि घाट चढून झाला. ज्याच्या मनात असा एखादा घाट आहे, त्याला तो एकट्याने चढू देऊ नका. तो टाळून जा असेही सांगू नका. त्याच्या चालीने चाला आणि नाम घेत त्याच्या शेजारी राहा.

रामकृष्ण हरि.